म्हशीच्या अंगावर खडूच्या रेषा

गाई-म्हशींचा पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेला नसतो. आपल्याला छातीपासून खांद्यापर्यंत येणारं कॉलरबोन असतं, त्यांना ते नाही. मागचा पाय खुब्याच्या सांध्यात घट्ट बसलेला असतो, पण पुढचा पाय नुसत्या स्नायूंच्या जोरावर धडाशी टिकून असतो. खांद्याच्या पात्याच्या आतल्या बाजूने एक मोठा पसरट स्नायू निघतो आणि फासळ्यांवर, मानेच्या मणक्यांवर जाऊन रुजतो. सेरेटस व्हेंट्रॅलिस हे त्याचं नाव. डावा आणि उजवा मिळून सगळी छाती दोन पायांच्या मध्ये टांगून धरतात. एवढी मोठी म्हैस उभी असते तेव्हा तिच्या निम्म्याहून जास्त वजनाचा भार पुढच्या पायांवर, म्हणजे या स्नायूंवर असतो.

पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षी हे कळतं ते डिसेक्शन हॉलमध्ये. वासराचा पुढचा पाय एकाने बाहेरच्या बाजूला ओढून धरायचा, दुसऱ्याने काखेतून आत जात स्नायू एकेक करून सोडवत जायचे. नसांचा एक जाड गुच्छ आडवा येतो, त्याच्या शेजारून रक्तवाहिन्या जातात, त्या बाजूला घ्यायच्या. आणि मग, कुठलाही सांधा न उघडता, करवत न लावता, अख्खा पाय सुटून धरणाऱ्याच्या हातात येतो. त्या वेळी टेबलाभोवती जी शांतता पसरते ती मला अजून आठवते. पुस्तकात वाचलेलं वाक्य पहिल्यांदा खरं वाटतं ते तिथे.

गोठ्यात या गोष्टीशी गाठ पडते तीही रोजच. जनावराच्या हृदयाचा बराचसा भाग पुढच्या पायाच्या आड असतो. ठोके ऐकायचे तर स्टेथोस्कोप कोपराच्या आतून, पाय आणि छाती यांच्या फटीत सरकवावा लागतो. पाय हाडाने जोडलेला नसल्यामुळेच ही फट मिळते, पाय थोडा पुढे घेतला की आणखी मोठी होते. माझ्याकडे इंटर्नशिपला येणारी मुलं स्टेथोस्कोप सुरुवातीला कोपराच्या मागे, मोकळ्या दिसणाऱ्या जागी लावतात आणि ठोके पुसट येतात म्हणून गोंधळतात. त्यांना सेरेटस व्हेंट्रॅलिस आठवतो, त्याचा उगम आणि शेवट पाठ असतो, कुठली नस त्याला जाते तेही सांगतात. पण तो स्नायू आणि आपल्या कानातली ती नळी यांचा काही संबंध आहे, हे त्यांना कुणी हाताला धरून दाखवलेलं नसतं.

या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच. ॲनॅटमी मेलेल्या जनावरावर शिकवली जाते, ते योग्यच आहे, त्याला पर्याय नाही. पण ती तिथेच संपवली जाते. तिचा दुसरा अर्धा भाग जिवंत जनावराच्या अंगावर, बाहेरून, हाताने शिकवावा लागतो. तो पहिल्या वर्षीच सुरू व्हायला हवा आणि शेवटच्या वर्षापर्यंत चालू राहायला हवा.

आपल्याकडचा पदवी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. ॲनॅटमी येते सगळ्यात आधी. हाडं, सांधे, स्नायू, आतडी, नसा, भ्रूणाची वाढ, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशी, सगळं त्यात. शस्त्रक्रिया आणि प्रसूतिशास्त्र येतं ते पुढच्या वर्षांत. मधल्या काळात जंतू, परजीवी, औषधं, खाद्य, पैदास यांचे डोंगर चढायचे असतात. म्हणजे ज्ञान मिळतं तेव्हा त्याची गरज नसते आणि गरज पडते तेव्हा ते पुसट झालेलं असतं. मुलं हुशार असतात, मेहनतीही असतात. मांडणीच अशी आहे की विसरायला भरपूर वेळ मिळतो.

आमच्या काळचा हॉल डोळ्यांपुढे उभा राहतो तो वासासकट. फॉर्मॅलिन डोळ्यांना झोंबतं, नाकातून घशात उतरतं, आणि संध्याकाळी मेसमध्ये भाकरीचा घास तोंडाजवळ नेला तरी बोटांना वास असतोच. हे रसायन माणसात कर्करोगाला कारण ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलं. आज मास्क, हातमोजे, खेळती हवा यांचा आग्रह धरला जातो, तो धरायलाच हवा.

आमच्या हॉलमध्ये जनावर टेबलावर आडवं टाकत नसत, लोखंडी चौकटीला टांगून उभं ठेवत. मानेतल्या कॅरॉटिड धमनीतून रक्त काढून टाकायचं, त्याच वाटेने फॉर्मॅलिनचं द्रावण भरायचं, आणि ते सगळ्या अंगात पोचून शरीर कडक होईपर्यंत त्याला जिवंतपणी उभं असायचं तसं धरून ठेवायचं. यामागे मोठा विचार आहे. आडवं पडलेल्या जनावराची आतडी घसरतात, कोटीपोट (रवंथ करणाऱ्या जनावराचं सगळ्यात मोठं पोट) एका बाजूला कलतं, आणि मुलांच्या डोक्यात चुकीचं चित्र बसतं. उभं ठेवलं तर अवयव आपापल्या जागी राहतात. हे काम करायचे ते हॉलमधले मामा. कुठल्याही ॲनॅटमी विभागात असा एखादा मामा असतो. हाडं पाण्यात कुजवून, उकळून, हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरी करून तारेत ओवायची, हे त्यांचं काम. पण मूठभर पायाची हाडं टेबलावर टाकली तर डावं-उजवं, गाईचं-घोड्याचं हे मामा बोटांनी चाचपून सांगायचे. आम्ही पुस्तकातली खूण शोधत बसायचो. खरं तर आमच्या विषयाचा जो भाग वर्गात शिकवला जात नव्हता तो मामांच्या बोटांत होता.

परीक्षा मात्र डोळ्यांची. स्पॉटिंगच्या दिवशी टेबलांवर अवयव मांडलेले, एखाद्या नसेला दोरा बांधलेला, एखाद्या खड्ड्यात टाचणी खोचलेली. घंटा वाजली की पुढच्या टेबलाशी जायचं, नाव लिहायचं, परत घंटा. लॅटिन नावं अशी घोकलेली की झोपेत विचारलं तरी सांगावीत. ती घोकंपट्टी वाया जाते असं मी म्हणणार नाही. नाव नसलं तर दोन डॉक्टरांना आपसात बोलताच येत नाही. पण स्पॉटिंगमध्ये एकही प्रश्न ‘डोळे मिटून शोधा’ असा नसतो, आणि पुढचं आयुष्य आम्ही डोळे मिटूनच शोधत असतो. गाभण तपासणीला हात गुदाशयात कोपराच्या वरपर्यंत जातो तेव्हा नजर समोरच्या भिंतीवर असते. गर्भाशयमुख, गर्भाशयाची शिंगं, बीजांडं, सगळं बोटांना विचारायचं. म्हशीचं बीजांड गाईच्यापेक्षा लहान, ते तर नवशिक्याच्या बोटांतून निसटतच राहतं.

डोळ्यांनीही शिकण्याच्या किती जागा आपल्या आसपास आहेत, हे कोल्हापुरात राहून मला वेगळं सांगायला नको. बोकडाची वजडी ज्या घरात शिजते त्या घरातल्या पोराला रवंथ करणाऱ्या जनावराची चार पोटं आधीच माहीत असतात, फक्त त्याला तसं कुणी सांगितलेलं नसतं. गरम पाण्यातून काढून वजडी खरवडताना एका तुकड्यावर दाट केसाळ उंचवटे लागतात, ते कोटीपोट. एका तुकड्यावर सहा कोनांची जाळी, ते जाळीपोट. एकात पुस्तकाच्या पानांसारखे पडदे, ते पडदेपोट. आणि एक गुळगुळीत, बुळबुळीत, घड्यांचं, ते चौथं, खरं जठर. पन्हाळा-शाहूवाडीकडून आलेली एक मुलगी माझ्याकडे शिकायला होती. तिने सांगितलं की पहिल्या वर्षी हे चार तुकडे ट्रेमध्ये पाहिले तेव्हा तिने वर्गात सगळ्यांच्या आधी ओळखले, पण घरी हे धुते हे सांगायचा तिला संकोच वाटला. तो संकोच तिच्या मनात आपणच पेरला. शिक्षकाने पहिल्याच तासाला ‘घरी वजडी कोण साफ करतं?’ असं विचारलं असतं तर ती मुलगी त्या दिवशी वर्गाची शिक्षिका झाली असती.

कुठलं जनावर मुख्य धरून शिकवायचं, हाही प्रश्न जुना आहे. जगातली पहिली पशुवैद्यक शाळा फ्रान्समध्ये लियों इथे १७६१ मध्ये क्लोद बूर्जला यांनी स्थापन केली. ते घोडेस्वारी शिकवणाऱ्या अकादमीचे प्रमुख होते. पुढे पॅरिसजवळ आल्फोरला दुसरी शाळा निघाली. तिथले ॲनॅटमीचे पहिले प्राध्यापक ओनोरे फ्रागोनार यांनी कातडं काढून, रक्तवाहिन्यांत रंगीत द्रव्य भरून जतन केलेली शरीरं आजही तिथल्या संग्रहालयात उभी आहेत. त्यात एक स्वारासह घोडा आहे. लष्कराला घोडा लागायचा, म्हणून शाळेत घोडा मुख्य आणि बाकीची जनावरं त्याच्यापेक्षा वेगळी कुठे, एवढ्यापुरती. आपल्याकडे मुंबईत १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. शेतीप्रधान देशात पुढे गाय-बैल मुख्य झाले, घोडा फरकात गेला.

हा फरकाचा भाग मला स्वतःला फार आवडतो. गाईला फासळ्यांच्या तेरा जोड्या, घोड्याला अठरा. घोड्याला पित्ताशयच नाही. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत, तिथे कठीण गादी आहे. खिलार बैलाचं वशिंड स्नायू आणि चरबीचं, त्यात हाड नाही. आणि राधानगरीच्या जंगलातल्या गव्याच्या पाठीचा उंचवटा मात्र पाठीच्या मणक्यांचे काटे उंच वाढून झालेला. लांबून दोन्ही उंचवटेच, पण आत पूर्ण वेगळी रचना. दाजीपूरला सहलीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला हे सांगावं असं मला वाटतं.

पण आमच्या जिल्ह्याचं दूध येतं ते मुख्यतः म्हशीवर, आणि पुस्तकात म्हैस अजूनही बऱ्याचदा फरकातच असते. गाईची मानेतली शीर दाबली की वर आलेली दिसते, काळ्या जाड कातडीच्या म्हशीत ती अंगठ्याने चाचपून शोधावी लागते. म्हशीच्या सडाची नळी गाईच्यापेक्षा आवळ असते. म्हणून तिची धार काढायला मनगटात जोर लागतो. आणि दुधाची बात तर फारच निराळी.

गंगावेशीत संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन उभे असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात, फेसाळलेला पेला हातात देतात. बाहेरगावच्या लोकांना हे दृश्य फोटोचं वाटतं. मी तिथे उभी राहिले की म्हशीची कास बघते आणि गवळ्याचे हात बघते. म्हशीच्या कासेत, सडाच्या वरच्या पोकळीत, आयतं साठलेलं दूध फार थोडं असतं, एकूण दुधाच्या जेमतेम वीस भागांतला एक भाग. बाकी सगळं दूध वरच्या बारीक पिशव्यांत अडकलेलं. पान्हा सुटल्याशिवाय ते खाली येत नाही. गवळी बसल्यावर लगेच पिळत नाही. कासेला पाणी लावतो, तळव्याने चोळतो, सड हलकेच ओढतो, थांबतो. त्या स्पर्शाची खबर मेंदूला जाते, तिथून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं, बारीक पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळतात, आणि सड टरारून येतात. हे सगळं एक-दोन मिनिटांत. अनोळखी गर्दीत, गाड्यांच्या आवाजात ही म्हैस पान्हा सोडते, कारण समोरचा हात तिच्या ओळखीचा असतो. कासेची रचना, मज्जासंस्था आणि संप्रेरकं या तीन वेगवेगळ्या तासांना शिकवल्या जाणाऱ्या गोष्टी तिथे रस्त्यावर एका पेल्यात दिसतात.

कास शिकवण्याची सर्वांत चांगली पद्धत मी पाहिली ती मात्र मेलेल्या कासेवरची. कत्तलखान्यातून आणलेली म्हशीची कास, तिच्या चार सडांत चार रंगांची शाई पिचकारीने सोडलेली, लाल, निळी, हिरवी, पिवळी. मग सुरीने कास आडवी कापायची. डावी आणि उजवी बाजू मधल्या मजबूत पडद्याने वेगळी दिसते, पण पुढचा आणि मागचा कप्पा यांच्यात डोळ्यांना भिंत अशी दिसतच नाही. तरी लाल शाई लालच्या हद्दीत आणि निळी निळ्याच्या हद्दीत थांबलेली असते. चार स्वतंत्र कारखाने, एकाचं दूध दुसऱ्यात जात नाही. हे ज्याने एकदा पाहिलं त्याला कासदाहात दूध प्रत्येक सडाचं वेगळं का तपासायचं, हे पुन्हा सांगावं लागत नाही. धार काढून झाल्यावर सडाचं तोंड अर्धाएक तास पुरतं मिटत नाही, म्हणून म्हशीला लगेच बसू द्यायचं नाही, पुढ्यात वैरण टाकायची. ‘दगडी’ची, म्हणजे कासदाहाची, निम्मी काळजी इथेच घेता येते. मी शेतकऱ्यांच्या बैठकीत हे सांगते तेव्हा त्या चार रंगांचं वर्णन करते. औषधांची नावं विसरतात, रंग विसरत नाहीत.

दुसरी एक जागा आहे, तिथे मृत शरीराने शिकवलेलं जिवंत शरीरात हाताला लागतं. जाळीपोट उदरपडद्याला टेकलेलं असतं आणि पडद्याच्या पलीकडे, जेमतेम काही सेंटिमीटरवर, हृदय. कोल्हापूरच्या आसपास शिरोली, गोकुळ शिरगावकडे फौंड्री आणि कारखाने, गावोगाव बांधकामं, शेतात उसाचं वाडं. कडबाकुट्टीतून तारेचे तुकडे वैरणीत मिसळून जातात. गाय-म्हैस घास निवडून खात नाही, गिळते आणि मग रवंथ करते. तार जाऊन बसते जाळीपोटात, आणि पोट आवळलं की पुढे सरकते. म्हैस पाठ कमानीसारखी करून उभी राहते, उतारावरून चालायला नाखूश असते, कोपरं बाहेर काढते. ऑपरेशनला डाव्या कुशीतून कोटीपोट उघडतात, हात पुढे खाली न्यायचा, बोटांना जाळी लागते. तिथे तळवा टेकवून थांबलं की जाळीपोटाच्या भिंतीपलीकडून हृदयाचे ठोके हाताला लागतात. ज्याला ही जवळीक ट्रेमधल्या दोन वेगळ्या अवयवांवरून शिकवली गेली, तो हात आत गेल्यावर चमकतो. उभ्या शरीरात दोन्ही जागच्या जागी पाहिलेला मुलगा तारेचं टोक कुठल्या दिशेला शोधायचं ते आपोआप जाणतो.

आणि शेपटी. अडलेल्या म्हशीला कळा थांबवण्यासाठी मणक्यात भूल द्यायची असते. शेपटी हापशाच्या दांड्यासारखी वरखाली करायची, दुसऱ्या हाताचं बोट बुडाशी ठेवायचं. त्रिकास्थीचा, म्हणजे कमरेमागच्या जुळून एक झालेल्या मणक्यांचा, भाग हलत नाही, त्याच्या मागे पहिली हलणारी फट बोटाखाली उघडते आणि मिटते. सुई तिथेच. सुईच्या तोंडाशी औषधाचा एक थेंब ठेवतात, सुई योग्य पोकळीत पोचली की तो थेंब आत ओढला जातो. त्या थेंबाकडे बघणाऱ्या मुलांचे चेहरे पाहावेत. मणक्यांची सगळी यादी तोंडपाठ करून आलेली ही मुलं, पण त्या यादीतली एक फट आपल्या बोटाखाली उघडते-मिटते हे त्यांना पहिल्यांदा कळत असतं.

म्हणून इंटर्न मुलं आली की त्यांच्या हातात सुईच्या आधी मी खडू देते.

शांत स्वभावाची म्हैस निवडायची, तिच्या मालकिणीने दावं धरायचं, पुढ्यात वैरण. अंग धुऊन कोरडं करायचं. काळ्या कातडीवर पांढरा खडू लख्ख उठतो. पहिलं काम, शेवटची फासळी शोधा. ती तेरावी. तिथून पुढे मोजत या, प्रत्येक फासळीवर रेघ. सातवी-सहावीपर्यंत बोटं चालतात, पुढच्या फासळ्या खांद्याखाली जातात. मग फुप्फुसाची मागची कड काढा. ती पाठीजवळ अकराव्या-बाराव्या फासळीपासून तिरकी उतरत कोपराकडे येते. इथे बहुतेकांचा पहिला गोंधळ होतो, कारण त्यांना वाटत असतं की फासळ्या म्हणजे छाती. उदरपडदा घुमटासारखा पुढे गेलेला असतो, त्यामुळे फासळ्यांच्या आत मोठा भाग पोटाचाच. यकृत उजवीकडे फासळ्यांखाली, जाळीपोट सहाव्या ते आठव्या फासळीच्या समोर, खाली. डाव्या बाजूला कोटीपोटाची रेघ काढायला घेतली की ती पुढून थेट मागे कटिबंधापर्यंत जाते, जवळजवळ सगळी डावी बाजू व्यापते. डावं मूत्रपिंड कुठे, असं विचारलं की हात डावीकडेच जातात. ते कोटीपोटाने ढकलून मधल्या रेषेच्या उजवीकडे गेलेलं असतं. डाव्या कुशीत शेवटची फासळी, खुब्याचं टोक आणि कमरेच्या मणक्यांची कड यांच्यामध्ये एक त्रिकोण उरतो. पोट फुगलेल्या जनावराचा जीव जाऊ लागला की ट्रोकार, म्हणजे वायू बाहेर काढायची टोकदार नळी, तिथे मारायचा. तो त्रिकोण प्रत्येकाने स्वतः काढायचा, पुसायचा, दुसऱ्या म्हशीवर परत काढायचा.

मग खडू खाली ठेवून कान लावायचे. कोटीपोट मिनिटाला एक-दोनदा घुसळतं, तो आवाज कुशीत ऐकायचा. फुप्फुसाच्या रेघेवर बोट ठेवून श्वास बघायचा. म्हैस श्वास घेते तशा खडूच्या रेघा एकमेकींपासून लांब जातात, जवळ येतात. हॉलमधल्या कडक झालेल्या शरीराने हे कधी दाखवलं नसतं.

करवीर तालुक्यातल्या एका गोठ्यात आमचं हे चाललेलं असताना घरच्या आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. “आमच्या म्हशीचा नकाशा काढलासा व्हय!” म्हणाल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग शेजारी बांधलेल्या गाभण म्हशीकडे गेल्या आणि आमच्यातल्या एका मुलीला हाक मारली. “हिकडं ये पोरी. त्यो खडू आण तुजा.” तिचा हात धरून त्यांनी शेपटीच्या बुडाशी, दोन्ही अंगांना ठेवला. “खळगं पडल्यात बघ हितं. काल न्हवतं. आज-उद्या व्याती ही.” व्यायच्या आधी कटिबंधाला धरून ठेवणारा जाड अस्थिबंध सैल पडतो, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खड्डे दिसतात. त्या मुलीला त्या अस्थिबंधाचं लॅटिन नाव येत होतं, हॉलमध्ये तिने तो दोरीसारखा ताठ पाहिलेला होता. सैल पडलेला तो तिच्या हाताला लागला आजींच्या गोठ्यात. तिने तिथे खडूने दोन गोल काढले आणि मग आजींना नाव सांगितलं. आजींनी ते दोनदा म्हणून बघितलं. म्हैस दुसऱ्या दिवशी पहाटे व्याली.

जगात इतर ठिकाणीही याच दिशेने काम झालेलं आहे. ब्रिटनमध्ये सारा बेली यांनी गुदाशयातून तपासणी शिकण्यासाठी ‘हॅप्टिक काऊ’ नावाचं यंत्र तयार केलं. त्यात बोटाला गर्भाशयाचा भास होतो आणि विद्यार्थी काय चाचपतोय ते शिक्षकाला पडद्यावर दिसतं. जर्मनीत गुंथर फॉन हागेन्स यांनी १९७७ मध्ये प्लॅस्टिनेशनची पद्धत शोधली. तिच्याने तयार केलेल्या अवयवांना वास नाही, ते हातात कोरडे धरता येतात, वर्षानुवर्षं टिकतात. आपल्या महाविद्यालयांतही असे नमुने आणि संगणकावरची त्रिमितीय चित्रं येत आहेत. हे सगळं यावं. जिवंत म्हशीवर एकामागोमाग एक पंधरा मुलांनी तपासणी शिकण्यापेक्षा आधी यंत्रावर हात बसवून येणं हे त्या म्हशीवर उपकार आहेत.

मृत शरीर कुठून येतं, याचाही विचार मुलांसमोर उघडपणे मांडायला हवा. वैद्यकीय महाविद्यालयात माणसाचं देहदान असतं, त्याचा आदर ठेवण्याची शपथ घेतली जाते. अमेरिकेतल्या काही पशुवैद्यक शाळांत मालक आपला मेलेला कुत्रा, घोडा शिक्षणासाठी देतात, आणि तो कोण होता, कशाने गेला हे विद्यार्थ्यांना कळतं. आपल्याकडे आजारपणात गेलेली म्हैस पुरताना मालक हुंदके देतात, मी ते पाहिलेलं आहे. त्यांना कुणी विचारलं, नीट समजावून सांगितलं, तर काहीजण नक्की हो म्हणतील. अर्थात फाशीसारख्या (अँथ्रॅक्स) रोगाची शंका असेल तर ते शरीर उघडायचंच नाही, हे आधी.

माझ्यापुरतं मी ठरवलं आहे. आमच्या भागातली जी मुलं शिरवळच्या किंवा परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहेत, त्यांच्यासाठी सुट्टीत एखाद्या गावात खडूचा दिवस ठेवायचा. इंटर्नशिपची वाट बघायची नाही, हाडं पाठ होत असतानाच यायचं. त्यासाठी दूध संस्थांच्या सचिवांना माझी विनंती आहे. संस्थेच्या आवारात एक दुपार, सावली, पाणी आणि दोन शांत म्हशी द्या. एक दुभती, एक गाभण, म्हणजे दोन्ही शिकवता येतील. वैरण आम्ही आणू, अंग धुऊन आम्हीच देऊ, आणि धारेच्या वेळेच्या आधी म्हशी मोकळ्या करू. घरातली म्हातारी माणसं येणार असतील तर त्यांनाही पाठवा, त्यांच्यासाठी खुर्च्या लागतील.